जुलैची फी, दिवाळीचं सोयाबीन: खासगी कॉलेज परवडायला काय करावं लागतं

बारावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या कॉलेजांची माहितीपत्रकं गावोगाव पोहोचतात. त्यावर वर्षाच्या फीचा आकडा असतो आणि तो वाचून घरातलं मोठं माणूस गप्प बसतं. लाखाच्या आसपासची फी, पुढं चार वर्षं, शिवाय रूम आणि मेस. बऱ्याच घरांत विषय तिथंच संपतो. लेकरू मिळेल त्या बीएला जातं, नाहीतर पुण्याला कंपनीत.

पण छापलेला आकडा एक असतो, तुमच्या वाट्याला येणारा दुसरा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोख हातात लागणारा तिसरा. मराठवाड्यातली बहुतेक घरं पहिल्या आकड्याला घाबरतात आणि तिसऱ्या आकड्यापायी सावकाराकडं जातात. दुसरा आकडा मात्र कुणी नीट काढून बघत नाही. घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. इंजिनिअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक, बीबीए-बीसीए असे अभ्यासक्रम मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत. खासगी एमबीबीएसचा हिशोब लाखांच्या पटीत जातो, तो वेगळा बसून करायचा.

आधी विचारा: कॉलेज कोणत्या प्रकारचं?

'खासगी' या एका शब्दाखाली तीन-चार प्रकार येतात आणि फी माफीचं सगळं गणित त्यावरच ठरतं.

अनुदानित कॉलेज संस्थेचं असतं, पण प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी अगदी कमी असते. आपल्याकडची जुनी कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं बहुतांश याच प्रकारची आहेत. मात्र एकाच इमारतीत, एकाच बोर्डाखाली बीएस्सी अनुदानित आणि शेजारच्या खोलीतलं बीसीएस विनाअनुदानित असू शकतं. त्यामुळं कॉलेजचं नाव सांगून उपयोग नाही. ऑफिसात जाऊन अभ्यासक्रमाचं नाव घेऊन विचारा.

कायम विनाअनुदानित कॉलेज म्हणजे सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्यातून हे सगळं उभं राहिलं. त्याचं भलंबुरं बोलायला बसलो तर रात्र पुरायची नाही. तुमच्या कामाची गोष्ट अशी की व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अशा कॉलेजांची फी संस्थेला मनानं ठरवता येत नाही. २०१५ च्या कायद्यानुसार ती शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. माहितीपत्रकावरचा आकडा आणि तिथला आकडा जुळतो का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा.

तिसरा प्रकार म्हणजे कॉलेजच जिथं विद्यापीठ असतं: स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ. इमारती देखण्या, जाहिराती मोठ्या. पण मुलींच्या शंभर टक्के फी माफीचा जो शासन निर्णय आहे, त्यातून ही विद्यापीठं स्पष्टपणे वगळलेली आहेत. म्हणून प्रश्न असा विचारा: "हे कॉलेज मराठवाडा विद्यापीठाला, स्वारातीमला (नांदेडचं विद्यापीठ) किंवा लोणेरेच्या बाटूला (तंत्रशास्त्र विद्यापीठ) संलग्न आहे, की स्वतःच विद्यापीठ आहे?" उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

फीचा आकडा फोडा

फी म्हणजे एकच रक्कम नसते. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, विद्यापीठाचं आणि परीक्षेचं शुल्क, परत मिळणारी अनामत, असे तिचे भाग असतात. सरकारी सवलत मुख्यतः ट्यूशन आणि परीक्षा फीवर मिळते, डेव्हलपमेंट फीवर नाही. हे माहीत नसल्यामुळं "सगळं माफ आहे म्हणाले होते, मग हे दहा हजार कशाचे?" असं दरवर्षी कुणीतरी कॉलेजच्या खिडकीवर भांडत असतं.

समजा एका इंजिनिअरिंग कॉलेजची मंजूर फी वर्षाला ९५ हजार आहे. त्यात ट्यूशन ८५ हजार आणि डेव्हलपमेंट १० हजार. प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालाय आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, असं धरू.

खुल्या प्रवर्गातला किंवा एसईबीसीतला (मराठा आरक्षणाच्या प्रवर्गातला) मुलगा असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी होते. त्याच्या वाट्याला ४२,५०० आणि डेव्हलपमेंटचे १० हजार, म्हणजे ५२,५०० येतात. ओबीसी मुलालाही ट्यूशनमध्ये निम्मी सवलत आहे, आकडा तोच. व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसी (विशेष मागास) मुलांना ट्यूशन पूर्ण माफ. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्यात ट्यूशन आणि परीक्षा फीसोबत निर्वाह भत्ताही असतो. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर फ्रीशिप आहे, तिच्यात भत्ता नाही पण ट्यूशन माफच. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या योजना आहेत.

आता मुलगी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी तीही निम्मीच होती. अनाथ मुलामुलींनाही हा लाभ आहे. वरच्या उदाहरणात मुलीच्या वाट्याला फक्त डेव्हलपमेंटचे १० हजार उरतात. "पोराला इंजिनिअरिंग, पोरीला बीए" ही जी पैशाची सबब होती, ती या एका कागदानं काढून घेतली. तरी ती अजून ऐकू येते, म्हणून इथं थोडं थांबून लिहिलं.

एक अट बारकाईनं वाचा: शाहू शिष्यवृत्ती एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते. तीन लेकरं शिकणारी असतील तर कुणासाठी वापरायची, याचा विचार घरात आधीच करून ठेवा.

प्रवेश कॅपमधूनच घ्या

या सगळ्या सवलतींचं दार एकच आहे. सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, ज्याला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात, त्यातून जागा मिळालेली असली पाहिजे. संस्थास्तरावरची जागा, म्हणजे लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोटा, घेतली की पूर्ण ९५ हजार तुमचे. चार वर्षांत हा फरक मुलासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास जातो, मुलीसाठी त्याच्या दुप्पट.

त्यामुळं निकालानंतर गावात येणाऱ्या माणसांपासून जपून. सगळ्याच कॉलेजांच्या जागा भरत नाहीत. मग कुणी सर, कुणी एजंट घरी येतो. "कागदं आत्ताच द्या, सीट पक्की करतो, बस फुकट, टॅब फुकट." मूळ कागदपत्रं त्यांच्या हातात देऊ नका. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवायची आणि परत घ्यायची. प्रवेश दिल्यानंतरसुद्धा मूळ गुणपत्रिका, टीसी अडवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१८ मध्येच बजावलेलं आहे. आणि मंजूर फीच्या वर 'डोनेशन' मागणं हा १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. एक रुपया दिला तरी तो बँकेतून किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. पावती मिळत नसेल तर तो पैसा कशाचा, हे तुम्हाला कळलेलंच आहे.

सीईटीचं म्हणाल तर इंजिनिअरिंग आणि फार्मसीला एमएचटी-सीईटी लागते, आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही वेगळी सीईटी आहे. या परीक्षांचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात-उन्हाळ्याच्या तोंडाला भरावा लागतो. निकाल बघून ठरवू म्हणणारे इथंच बाहेर पडतात.

कॅपचा पर्यायांचा फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस हा शब्द डोक्यात ठेवा. ही ट्यूशन फी माफीची योजना आहे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमानं कॉलेजांत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, त्या गुणवत्तेवर भरल्या जातात. जातीची अट नाही, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. मुलाला पूर्ण ट्यूशन माफ होण्याचा खुल्या प्रवर्गासाठीचा हा जवळपास एकमेव रस्ता. पण या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो आपणहून यादीत टाकावा लागतो. कॅफेवाला तो टाकेलच असं नाही. एक अडचण आहे: या जागेवर प्रवेश घेतला की पुढं कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. म्हणून फुकट मिळतेय म्हणून नको ती शाखा वर टाकू नका. ज्या कॉलेजात शिकायची खरंच तयारी आहे, तिथलाच हा कोड भरा.

दहावी झालेलं लेकरू घरात असेल तर आणखी एक वाट बघून ठेवा. शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगची डिग्री. अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार धरून जी सहा वर्षं होतात, तीच इथंही होतात. खासगी कॉलेजची फी मात्र चारऐवजी तीनच वर्षं, आणि बारावीच्या शिकवण्यांचा खर्च वाचतो. लातूर पॅटर्नच्या नादात दोन वर्षं लातुरात रूम करून लाखभर क्लासला घालवणाऱ्या किती घरांनी हा हिशोब केला असेल, कुणास ठाऊक. नीटचं ध्येय असेल तर गोष्ट वेगळी.

कागद: निम्मी लढाई इथं आहे

फी माफीस पात्र असूनही पैसे भरावे लागले, अशी जी उदाहरणं दिसतात, त्यात बहुतेक वेळा एखादा कागद उशिरा आलेला असतो. कागद जूनमध्ये गोळा करायचे नसतात. जूनमध्ये सेतूवर रांग असते, सर्व्हर बंद असतो आणि तलाठी पेरणीच्या, पंचनाम्याच्या कामात असतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो १ एप्रिलनंतर काढा, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड घेऊन महा-ई-सेवा केंद्रात किंवा आपले सरकारवरून अर्ज करायचा. रहिवासी दाखला, म्हणजे डोमिसाइल, एकदाच काढायचा, तो बारावीच्या आधी कधीही काढून ठेवा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसीला नॉन-क्रिमिलेअर लागतं. त्यावरची मुदत प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे तारीख वाचून बघा. जुनं चालेल असं समजून गेलेले विद्यार्थी ऐन पडताळणीत खुल्या प्रवर्गात ढकलले जातात.

सगळ्यात वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठीचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला किंवा डिप्लोमाला असतानाच प्राचार्यांच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडं जायला हवा. समितीला पुरावा बापाकडच्या नातेवाइकांचा आणि ठरावीक तारखेआधीचा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. इथं मराठवाड्याची गोष्ट वेगळी होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं जुनी दप्तरं उर्दूत आहेत, काही मोडीत. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणणार? अशा वेळी चुलत आजोबा, पणजोबांचे भाऊ यांच्या नोंदी शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रक, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बघा. उर्दू किंवा मोडी कागद सापडला की त्याचं रीतसर भाषांतर करून जोडा. सख्ख्या चुलत्याच्या मुलाला आधीच वैधता मिळाली असेल तर ते सगळ्यात मोठं काम झालं. त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा.

मराठा घरांत सध्या प्रश्न असतो: एसईबीसी ठेवायचं की कुणबी दाखला काढून ओबीसीत जायचं? निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर हा प्रश्न चावडीवरचाच झालाय. त्याचं राजकारण बाजूला ठेवून नुसतं फीचं बघायचं तर फरक पडत नाही. मुलाला दोन्हीकडं निम्मी माफी, मुलीला दोन्हीकडं पूर्ण. फरक पडतो तो जागा मिळण्यात आणि वैधता मिळण्यात. कुणबी नोंद घराण्यात पक्की सापडली असेल तर काढा. नोंद धूसर असेल आणि वैधतेचा भरवसा नसेल, तर आरक्षित जागेवर प्रवेश घेऊन नंतर तोच धोक्यात आणण्यात शहाणपण नाही.

नावाचं स्पेलिंग ही क्षुल्लक वाटणारी पण छळणारी बाब. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं असू द्या. नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आधार दुरुस्त करून घ्या. विद्यार्थ्याचं स्वतःचं बँक खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. 'आधार दिलंय बँकेत' एवढ्यानं भागत नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे वळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्याच खात्याचं नाव दिसलं पाहिजे, कारण पैसे तिथं दिसणाऱ्या खात्यातच जातात. लहानपणी शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आणि बंद पडलेलं जुनं खातं अजून जोडलेलं असेल, तर पैसा तिकडं अडकतो. खात्याची अडचण असेल तर गावच्या पोस्टात पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं लवकर निघतं.

महाडीबीटी

प्रवेश झाला की माफी आपोआप होत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्यानं स्वतः अर्ज करायचा, तो कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग संबंधित विभागाकडं जातो: समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण किंवा तंत्रशिक्षण.

लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा. कॅफेवाल्याचा नंबर, कॅफेवाल्याचा पासवर्ड, आणि तो कॅफे दिवाळीनंतर बंद, असं झालं की वर्षाची शिष्यवृत्ती गेली समजा. अर्ज भरल्यावर विसरून जाऊ नका. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि विद्यार्थ्याला पत्ता नसतो. मुदत संपते, मग धावपळ. पैसा आला की बऱ्याच योजनांत पोर्टलवर व्हाउचर रिडीम करावं लागतं, तेही विद्यार्थ्याच्याच लॉगिनमधून. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम नंतर कॉलेजला भरायची असते. घरात लग्न निघालं, बैल घ्यायचा आहे, अशा वेळी हा पैसा खर्च होतो आणि शेवटच्या वर्षी कॉलेज निकाल आणि टीसी अडवतं. त्या पैशाला हात लावू नका.

हजेरी ७५ टक्के ठेवा. बायोमेट्रिकच्या काळात हजेरीवरून अर्ज बाद होतात.

मुलींसाठी आणखी एक: एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती. तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. हिचा अर्ज महाडीबीटीवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. महाडीबीटीच्या सवलतीसोबत ती घेता येते का, हे त्या वर्षीच्या अटी वाचून आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारून मगच ठरवा.

राहणं आणि जेवण

मुलीची फी दहा हजारांवर आली की खरा खर्च उरतो तो रूम आणि मेसचा. म्हणून कॉलेज निवडताना दोन कॉलेजांच्या फीतला फरक बघण्यापेक्षा दोन शहरांतल्या राहण्याचा फरक बघा. पुण्यातलं मधल्या दर्जाचं कॉलेज आणि संभाजीनगर किंवा नांदेडमधलं तेवढंच चांगलं कॉलेज यांत माझं मत जवळच्याकडं झुकतं. पुण्याचं कॉलेज खरोखर वरच्या दर्जाचं असेल तरच तिथला खर्च करावा.

समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी करा. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्यात शहराप्रमाणे वर्षाला ३८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत मिळतात, मात्र जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांचीच मर्यादा आहे, म्हणून गुणवत्ता आणि वेळेवर अर्ज दोन्ही लागतं. खुल्या प्रवर्गातल्या आणि एसईबीसी विद्यार्थ्यांना, विशेषतः अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधूनच मिळतो, तो उत्पन्नाच्या दाखल्यासोबतच काढून घ्या. एक चक्कर वाचते.

औसा, निलंगा, पैठण, अर्धापूर अशा गावांहून रोज येऊन-जाऊन शिकता येत असेल तर एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत आहे. पण इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं, तेव्हा शेवटची गाडी किती वाजता आहे, हे बघूनच ठरवा.

रोख कुठून आणायची

सोयाबीन, कापूस घरात येतो दसरा-दिवाळीला. फी मागतात जुलै-ऑगस्टला, म्हणजे नेमकी बी-बियाणं, खत, फवारणीत सगळी पुंजी मातीत गेलेली असते तेव्हा. बीड, धाराशिवकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादमाची उचल याच दिवसांत घेतली जाते आणि तिच्यातला मोठा वाटा लेकरांच्या फीत जातो. ती फेडायला मग पुढचा अख्खा हंगाम.

वरच्या उदाहरणातल्या मुलाचे ५२,५०० म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ च्या हमीभावानं जवळपास दहा क्विंटल सोयाबीन. मोंढ्यात बऱ्याचदा तेवढा भाव मिळत नाही, म्हणजे अकरा-बारा क्विंटल धरा. हा आकडा पेरणीच्या आधी घरात बसून काढलेला बरा.

पहिली गोष्ट: पात्र विद्यार्थ्याकडून कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागायची नाही, फक्त त्याच्या वाट्याची घ्यायची. शासनाच्या सूचना तशा आहेत. "आत्ता सगळी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असं सांगितलं तर नम्रपणे लेखी मागा. लेखी द्यायला कुणी तयार होत नाही, आणि बऱ्याचदा मागणीच मागं घेतली जाते. तरीही अडवलं तर संभाजीनगरच्या तंत्रशिक्षण विभागीय कार्यालयात अर्ज द्या. बीए-बीएस्सीसारख्या अभ्यासक्रमांसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांची कार्यालयं संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. मंजूर फीपेक्षा जास्त मागितली तर तक्रार थेट शुल्क नियामक प्राधिकरणाकडं.

दुसरी गोष्ट: हप्ते मागा. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज, त्यात तारखा स्पष्ट: इतके प्रवेशावेळी, इतके नोव्हेंबरच्या शेवटी, उरलेले तूर-हरभरा निघाल्यावर. सोबत सातबाराची प्रत. आपल्या भागातल्या कॉलेजांना शेतकऱ्याचा पैसा कधी येतो हे चांगलं माहीत असतं. तोंडी ठरलं तर क्लार्क बदलल्यावर कुणी ओळखत नाही, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली तर सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्क माफी असते. तालुक्याचं नाव यादीत आलं की कॉलेजात विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट कर्ज, आणि इथं लोक उगाच घाबरतात. गावात शेकडा तीन रुपये महिन्यानं पैसे उचलणारा माणूस बँकेच्या शैक्षणिक कर्जाला मात्र नको म्हणतो. शेकडा तीन महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत आपल्या पदरचा हिस्सा घालावा लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत जमीन किंवा घर तारण मागायचं नसतं. त्यात फीसोबत वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉपही बसतो. फेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होते. ३ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सुमारे ६,४०० रुपये पडतो. शिकत असतानाचं व्याज साचू दिलं तर थोडा जास्त. ही रक्कम त्या शाखेतून पास होणाऱ्याच्या पहिल्या पगारातून निघेल का, हे त्या कॉलेजच्या गेल्या वर्षीच्या पोरांना विचारा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर विसंबू नका.

घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाची चौकशी करा. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष, एवढं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मानांकन लागतं, म्हणजे हाही प्रश्न प्रवेशाच्या आधीच विचारायचा. ओबीसी घरांना राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीचं नाव खूप ऐकू येतं, पण ती देशातल्या निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांपुरती आहे. आपलं कॉलेज त्यात आहे का ते बघा. नसेल तर साधी शैक्षणिक कर्ज योजना आहेच.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे त्याला नंबर पडतो आणि नाकारला तर कारण नोंदवावं लागतं. मॅनेजरच्या टेबलावरचा "बघू, नंतर या" हा नकार कुठंच नोंदला जात नाही. सहकर्जदार म्हणून बापाचं नाव लागतं, त्यामुळं पीककर्ज थकलेलं असेल तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आडवं येतं. नवं-जुनं करून का होईना, ते खातं मार्चआधी नियमित करा. अडत असेल तर आई किंवा कमावता भाऊ सहकर्जदार होऊ शकतो का, विचारा.

प्रवेश बदलला तर, आणि दुसऱ्या वर्षी

पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं आणि पहिला प्रवेश रद्द करायचा असेल तर सीईटी सेलनं दिलेल्या शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा. मुदतीत केलं तर प्रक्रिया शुल्काचे हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. एक दिवस उशीर झाला तर पूर्ण वर्षाची फी गेली म्हणून समजा. अनामत रकमेची पावती शेवटच्या वर्षापर्यंत सांभाळा, ती परत मागावी लागते.

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे चार वर्षांची झाली असं नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज, दरवर्षी नवा उत्पन्नाचा दाखला. पहिल्या वर्षी आई-बाप, मामा, शेजारचा शिकलेला पोरगा सगळे मागं लागतात. दुसऱ्या वर्षी लेकरू हॉस्टेलवर असतं, दाखला गावात काढायचा असतो आणि दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं केलं असेल. निकालाची वाट न बघता एप्रिलमध्ये दाखला काढून त्याचा फोटो लेकराच्या मोबाइलवर पाठवा, आणि पोर्टल सुरू झालं की त्याच आठवड्यात अर्ज टाकायला लावा.